श्रवणयंत्र आणि आपले कर्तव्य

दृष्टी मंदावली की माणूस चष्मा लावतो आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही. कानाला यंत्र लावणे मात्र आजही अनेकांस कमीपणाचे वाटते. पुष्कळ घरांत असे यंत्र मोठा खर्च करून आणले जाते, चार दिवस वापरले जाते आणि मग कपाटात पडून राहते. "आजोबा हट्टी आहेत," असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. माझ्या मते हा आरोप अन्यायाचा आहे.

आपल्या अंतःकर्णात शंखाकृती नलिकेत सूक्ष्म केशपेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर करतात. माणसाच्या या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. वयोमानाने बहुधा प्रथम बारीक, तीव्र ध्वनी ऐकू येईनासे होतात. 'आ', 'ओ' हे स्वर कानी पडतात. 'स', 'श', 'फ' ही व्यंजने निसटतात. 'साठ' म्हटले तरी 'आठ' ऐकू येते. "ऐकू येते, पण समजत नाही," ही वृद्धांची तक्रार म्हणूनच अक्षरशः खरी असते.

यंत्र ध्वनी मोठा करते. गेलेल्या पेशी परत आणीत नाही. आधुनिक यंत्रे गोंगाट काही अंशी कमी करतात हे खरे. तरीही लग्नमंडपात भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि नातवाचे बोलणे एकदमच कानावर आदळते. स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. यंत्र कानात नीट बसले नाही तर ते शीळ घालते. मळाने व घामाने ते बंद पडते. हरभऱ्याएवढी बॅटरी थरथरत्या बोटांनी बदलणे हेही सोपे नव्हे. शिवाय या नव्या आवाजांची मेंदूला सवय होण्यास कित्येक आठवडे, क्वचित महिनेही लागतात. चार दिवसांत यंत्र काढून ठेवणाऱ्यास ती संधीच मिळत नाही.

गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचा समावेश करण्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यंत्र हाती आल्यानंतरचे काम सरकारी योजनेने पुरे होत नाही. ते घरानेच करावयाचे असते.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. आजीशी बोलताना तिच्या समोर, उजेडात बसावे, म्हणजे ओठांच्या हालचालींची तिला मदत होते. ओरडू नये, ओरडण्याने स्वर चढतात, निसटलेली व्यंजने फारशी स्पष्ट होत नाहीत. सावकाश बोलावे. समजले नाही तर तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. रेडिओ, दूरदर्शन क्षणभर बंद करावे. आठवड्यातून एकदा यंत्र कोरड्या फडक्याने पुसून द्यावे. आणि चुकीचे ऐकून तिने भलतेच उत्तर दिले, तर हसू नये. अशा हसण्यामुळेच वृद्ध माणसे हळूहळू बोलेनाशी होतात, आणि मग घर भरलेले असूनही ती एकाकी पडतात.

यंत्र विकत आणता येते. "काही नाही, जाऊ दे," असे न म्हणता तीच गोष्ट पुन्हा सांगण्याची सहनशीलता मात्र आपणच अंगी बाणवली पाहिजे.