मनाचा रोजमेळ

पूर्वी पेढीवर रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपत नसे. वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड यांत रुपयाचा फरक पडला, तरी प्रत्येक नोंद पुन्हा तपासली जाई. मनात दिवसभर उठणाऱ्या विचारांची मात्र अशी तपासणी क्वचितच होते. मनात आले ते खरेच, असे धरून माणूस दुःखी होतो. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच ‘सीबीटी’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती, ही तपासणी करण्यास शिकवते.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आणि एरन बेक यांनी 1960 च्या दशकात या विचाराचा पाया घातला. खिन्न रुग्णांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी नकारात्मक विचार आपोआप उमटत राहतात, असे बेक यांच्या ध्यानात आले. घटना आणि भावना यांच्या मध्ये धारणा उभी असते, हे एलिस यांचे मुख्य सूत्र. त्यांची पद्धती महाराष्ट्रात ‘विवेकनिष्ठ’ या नावाने परिचित आहे. कि. मो. फडके यांनी तिच्या प्रसारासाठी दीर्घकाळ कार्य केले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेनेही ती मराठी समाजात रुजवली.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका श्रावकाचे छोटे वर्कशॉप आहे. मोठ्या कारखान्याला तो सुटे भाग पुरवतो. एके दिवशी मापातील फरकामुळे त्याचा एक लॉट परत येतो. त्या क्षणी त्याच्या मनात येते, “सर्व संपले. वडिलांनी उभा केलेला धंदा मी बुडवला.” रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा फोन येतो, पण तो उचलण्याचे धैर्य होत नाही.

येथे पहिली पायरी लिहिण्याची आहे. एका वहीत प्रसंग, मनात आलेला नेमका विचार आणि भावनेची तीव्रता शंभरपैकी किती, हे नोंदवावे. समजा, भीती 90 आहे. दुसरी पायरी पुराव्याची. विचाराच्या बाजूने काय आहे? लॉट परत आला, नुकसान झाले, हे खरे. विरुद्ध बाजूने काय आहे? यापूर्वीचे लॉट स्वीकारले गेले, कारखान्याने काम बंद केल्याचे कळवलेले नाही, चूक कोणत्या यंत्रावर झाली हे शोधता येते. तिसऱ्या पायरीवर दोन्ही बाजूंना धरून नवे वाक्य लिहावे : “एक लॉट गेला, नुकसान सोसावे लागेल, परंतु धंदा बुडाला असे म्हणण्यास आज आधार नाही.” मग तीव्रता पुन्हा मोजावी. ती शून्य होत नाही. 50 वर आली तरी फोन उचलण्याइतके बळ मिळते.

हा फोन हीच चौथी पायरी. केवळ विचार बदलून भागत नाही, तो कृतीने पडताळावा लागतो. टाळल्याने भीती क्षणभर शमते आणि पुढे अधिक वाढते. म्हणून लहान, झेपेल अशा कृतीने आरंभ करावा आणि जे घडले ते वहीत लिहावे.

जैन वाचकाला यात परके असे फार थोडे वाटेल. वस्तूचे अनेक पैलू असतात. त्यांतील एकालाच पूर्ण सत्य मानणे हा एकांत होय, असे अनेकान्त शिकवतो. “सर्व संपले”, “मी नेहमीच चुकतो” ही मनाची एकांतिक वाक्येच आहेत. प्रतिक्रमणातही दिवसाकडे वळून पाहणे आहेच. उद्देश अर्थातच भिन्न आहे : एक आत्मशुद्धीची साधना, दुसरी व्याधीवरील उपचाराची रीत.

एक सावधानता मात्र आवश्यक आहे. आलोचना दोषाची असते, आत्म्याच्या तिरस्काराची नव्हे. “माझे कर्मच असे” म्हणून प्रयत्न सोडून देणे हे कर्मसिद्धान्ताचे आकलन नव्हे. त्या सिद्धान्तात पुरुषार्थालाही स्थान आहे. घरातील कोणी खिन्न असेल, तर “धर्मात मन लाव, सर्व ठीक होईल” एवढे सांगून त्याला एकटे सोडू नये. मधुमेहासाठी आपण वैद्याकडे जातो, तसेच येथेही जावे.

वही घरी लिहिता येते. परंतु उदासी किंवा भीती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप, भूक, काम बिघडले, तर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. ही उपचारपद्धती बहुधा मर्यादित भेटींची असते आणि दोन भेटींच्या मधल्या काळात रुग्णाने स्वतः सराव करावयाचा असतो. गरजेनुसार औषधेही सोबत दिली जातात. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर क्षणाचाही विलंब न करता त्याच्याजवळ थांबावे आणि तज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

संवत्सरीला आपण सर्व जीवांना क्षमा करतो आणि सर्वांची क्षमा मागतो. त्या सर्व जीवांत स्वतःचाही जीव आहे, याचे स्मरण ठेवून आज रात्री पहिली नोंद लिहावी.