झिंगा म्हणजे फिल्टर नव्हे

गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका मित्राचा संध्याकाळी फोन आला. "भाऊ, येऊन पाहा ना जरा. झिंगे आणले आज. एकदम लाल!" चप्पल घालून गेलो. बैठकीत टीव्हीच्या शेजारी त्यांचा तीन फुटी टँक आहे. त्यात दोन चांगले वाढलेले एंजल, पाच-सहा टायगर बार्ब, मूठभर गप्पी, तळाशी वीतभर सकर, आणि या सगळ्यांच्या मधोमध नुकतेच पिशवीतून ओतलेले दहा चेरी श्रिंप. मंडळी, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा असतो हा जीव. ते दहाही जण काचेच्या एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते. एंजल माशांचं तोंड त्याच कोपऱ्याकडे होतं.

मी म्हटलं, "आजची रात्र नाही काढणार हे."

"कायले? दुकानदारानं सांगितलं ना, कम्युनिटी टँकमध्ये चालते म्हणून. शेवाळ खाते, टँक साफ ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन उरले होते. तिसऱ्या दिवशी एकही नाही. मित्राचं म्हणणं, लपले असतील. कुठे लपतील? टँकमध्ये निळी खडी, प्लास्टिकची दोन झाडं आणि झाकण उघडमीट करणारा एक खजिन्याचा पेटारा, एवढाच संसार. मी काही बोललो नाही, चहा पिऊन आलो. पण तेव्हापासून हे डोक्यात बसलंय आणि आता लिहून टाकल्याशिवाय जाणार नाही.

आधीच कबूल करतो की या बाबतीत माझे हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तीसेक झिंगे होते, काही छोट्या माशांसोबत. माशांना पांढरे ठिपके आले. दुकानात गेलो, तिथून निळ्या औषधाची बाटली मिळाली. "दस बूँद डालो, सब ठीक हो जायेगा." टाकले दहा थेंब. मासे बरे झाले. झिंगे मात्र रात्रभर टँकभर वेड्यासारखे पोहत होते आणि सकाळी सगळे तळाशी आडवे. मग मी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. तांबं होतं त्यात. झिंग्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबंच असतं, प्राणवायू वाहून नेण्याचं काम तेच करतं. पण पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं त्याच जीवाला मारतं. मला हे माहीत नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं. माशांना लागू पडतं ते त्यांनाही पडेल, असं गृहीत धरलं. शेवटी माझ्या लेखी तेव्हा तेही टँकमधलं सामानच होतं.

तर माझा राग नेमका याच गोष्टीवर आहे. ॲक्वेरियमच्या धंद्यात झिंगा जीव म्हणून विकलाच जात नाही. तो "क्लीनर" म्हणून विकला जातो. एका दुकानात तर मी माझ्या कानांनी "स्वीपर" हा शब्द ऐकलाय. काचेच्या पेटीत हौसेने एक छोटं जग मांडायचं, तर तिथेही आपल्याला पहिल्यांदा कोण आठवतं? घाण काढणारा. तो मेला तर दुसरा आणायचा, साठ रुपयांत मिळतो. यावर जास्त बोललो तर काही वाचक म्हणतील, भाऊ कुठून कुठे पोचले. असो. पण शब्द उगाच नाही वापरले जात.

आणि हा सफाईचा दावा तरी खरा आहे का? शेवाळ खाण्यासाठी झिंगे पाळायची टूम आणली जपानच्या ताकाशी अमानो यांनी, १९८० च्या दशकात. त्यांनी वापरलेली जात वेगळी, आकाराने मोठी, आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आणि त्यांचे टँक कसे? झाडांनी गच्च भरलेले, रोजच्या देखभालीचे. झिंगा तिथे बागेतल्या अनेक गोष्टींपैकी एक होता. आपल्याकडे तीच गोष्ट येता येता "झिंगा टाका, पाणी बदलायची कटकट मिटली" अशी झाली. अहो, झिंगा शेवाळ खातो आणि नंतर विष्ठा करतो! माशांच्या घाणीतला अमोनिया तो खात नाही, उलट त्या अमोनियाने सगळ्यात आधी तोच मरतो. टँक नवा असेल, अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात अजून रुजले नसतील, तर दीड-दोन महिने तिथे झिंगा सोडूच नये. हे दुकानात कोणी सांगतं का? मला तरी आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग कम्युनिटी टँकमध्ये ठेवूच नयेत का? एक साधी गोष्ट सांगतो. झिंगा वाढतो तेव्हा कात टाकतो. अंगावरचं सगळं कवच, अगदी मिशांपर्यंत, एका झटक्यात काढून ठेवतो. त्यानंतर एक-दोन दिवस त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. या काळात तो दिसत नाही, कुठेतरी फटीत बसून राहतो. निदान बसायला पाहिजे. मादी अंडी देण्याआधीही कात टाकते, आणि ती कात टाकली की तिच्या वासाने नर टँकभर धावत सुटतात. मग अंडी पोटाखाली धरून ती तीन-चार आठवडे पायांनी वारा घालत बसते. ज्याच्या आयुष्यात दर काही आठवड्यांनी असे दोन दिवस येतात, त्याला सात-आठ एंजल-बार्बांच्या तोंडासमोर निळ्या खडीवर सोडायचं आणि त्याला "कम्युनिटी" म्हणायचं! ज्यात एका बाजूने फक्त खायचं आणि दुसऱ्या बाजूने फक्त लपायचं, तिला कम्युनिटी कोण म्हणेल?

"निसर्गातही मोठा मासा लहानाला खातोच की." हा युक्तिवाद मला निदान वीस वेळा ऐकवला गेलाय. खातो ना. पण आपल्या कन्हान नदीत कधी उतरून पाहिलंय का? पूर्वी पुलाखालच्या उथळ पाण्यात हात घातला तर दगडाच्या बुडाशी, लव्हाळ्याच्या मुळांत काचेसारखे पारदर्शक झिंगे बोटांना गुदगुल्या करत. पकडू म्हटलं तर सापडायचे नाहीत, मागच्या मागे उडी. नदीत माशाला दहा वेळा हुकावं लागतं तेव्हा एक मिळतो. तीन फुटांच्या पेटीत तो कधी हुकत नाही. याला निसर्ग म्हणू नका. पैसे देऊन आणलेलं ते जिवंत खाद्य आहे, आणि तसंच आणायचं असेल तर तसं सांगून आणा. माझी हरकत राहणार नाही.

दुसरा युक्तिवाद घरातूनच येतो. आमच्या सौ. म्हणाल्या, "सुक्या झिंग्याची चटणी ताटात दोनदा घेता आणि या दहासाठी गळा काढता?" बरोबर आहे. घेतो. लहानपणी बाजारात ढिवर बाया टोपलीत ओले झिंगे घेऊन बसायच्या, आई मापाने घ्यायची, आणि त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खायचो. यावर मी बराच विचार केला आणि माझ्यापुरतं उत्तर सापडलं ते असं की, चटणीत मी झिंग्याला काहीही भासवत नाही. तो मारला, मी खाल्ला, ढिवराच्या घरी पैसे गेले. टँकमध्ये मात्र मी म्हणतो की मी याला पाळलंय. पाळलंय म्हटलं की खाणं, पाणी, निवारा माझ्याकडे आलं. बकरा खाणारा माणूससुद्धा दारातल्या बकरीला उन्हात बांधून ठेवत नाही. हे उत्तर सौ.ना पूर्ण पटलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

उन्हावरून आठवलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. चेरी श्रिंप मूळचा चीन-तैवानकडचा. तिथल्या ओढ्यांत तो मातकट रंगाचा असतो, हा लाल रंग माणसाने निवडून निवडून आणलाय. २२ ते २८ अंश पाण्यात तो सुखी. आपल्या बैठकीतला टँक मेमध्ये ३३-३४ ला सहज पोचतो, आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. त्यात दुपारी लाइट गेली, हवेचा पंप बंद, कूलर बंद. मी दोन उन्हाळे बर्फाच्या बाटल्या तरंगवत काढले आहेत, ऑफिसातून घरी फोन करून "बाटली बदलली का" असं विचारत. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. डेंग्यूची फवारणी होते, घरोघरी डासांची मशीन लावतात. ती औषधं डासांसाठी बनवलेली, पण झिंगा किड्यांचा जवळचा नातेवाईक आहे. हवेचा पंप खोलीतली तीच हवा खेचून पाण्यात सोडतो. फवारणीच्या दिवशी पंप बंद करून टँकवर ओलं कापड टाकावं, हे मला एका सकाळच्या नुकसानीनंतर कळलं. यातलं एक तरी वाक्य पिशवीसोबत मिळतं का?

हं, आता सगळ्यात महत्त्वाचं. मित्राकडे उरलेल्या सकरचा प्रश्न निघाला तेव्हा तो सहज म्हणाला, "हा लय मोठा झाला. नदीत सोडून देतो बाप्पा, पुण्य लागेल." मी अक्षरशः उठून उभा राहिलो. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांनी सोडून सोडूनच तो आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत ढिवरांची, कोळ्यांची जाळी फाडतोय. झिंगे सोडले तर काय होईल असं वाटत असेल तर जर्मनीतलं उदाहरण ऐका. तिथे गिलबाख नावाचा एक ओढा आहे. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राचं कोमट पाणी त्यात सोडलं जातं, म्हणून थंडीतही तो गोठत नाही. २०१३ साली संशोधकांनी लिहिलं की कोणीतरी टँकमधून सोडलेले हेच चेरी श्रिंप तिथे वस्ती करून राहिलेत. कोळसा, वीज केंद्र, कोमट पाणी... कन्हानच्या माणसाला यात ओळखीचं काही वाटत नसेल तर नवल आहे. आणि आपल्याकडे तर थंडीचाही अडसर नाही.

नदीने आधीच कमी सोसलंय का? जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राख कोलारमधून कन्हानमध्ये उतरली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. गोदावरी खोऱ्यातला मोठा झिंगा तर त्याच्याही आधीपासून अडचणीत आहे. त्याची पिल्लं समुद्राजवळच्या मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. म्हणजे जन्म खाडीकडे, आणि मग गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा असं वर चढत यायचं. आपली कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि त्याच्या खाली गोसीखुर्दची भिंत आहे, जिची पायाभरणी १९८८ साली झाली. भिंत चढून झिंगा कसा येणार? ज्या जिवासाठी आपण वाट ठेवली नाही, त्याच्या घरात आता तैवानचा लाल पाहुणा आणि अमेझॉनचा सकर पुण्य म्हणून सोडायचा.

सकर सध्या माझ्याकडे आहे. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत, एकटा. झाकण वजन ठेवून बंद केलंय, कारण त्याला पावसात उडी मारायची सवय आहे.

कम्युनिटी टँकमध्ये झिंगे नीट ठेवणारे लोक नाहीत असं नाही. मी पाहिलेत. अर्धा टँक जावा मॉसने भरलेला, सोबत फार तर बोटाच्या पेरापेक्षा लहान तोंडाचे मासे, औषध टाकण्याआधी माशांना वेगळ्या बादलीत काढणारे, पाणी रात्रभर ठेवून किंवा हायपोचे खडे टाकून क्लोरीन घालवणारे. त्यांच्याकडेही दहातली सहा-सात पिल्लं मासे खातातच, ते तसं कबूल करतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "टाका, चालते" या दोन शब्दांशी. आणि दुकानदारापेक्षा जास्त आपल्याशी, कारण पिशवी हातात घेऊन काही न विचारता घरी आपणच येतो.

माझा दोन फुटी टँक आता फक्त झिंग्यांचा आहे. मॉस, एक वाळलेलं लाकूड, बदामाची दोन पानं, स्पंजचा फिल्टर. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि विचारतात, "मासे कुठेत?" परवा तोच मित्र आला होता. त्याने मात्र विचारलं नाही. खुर्ची ओढून अर्धा तास बसला. एक मादी पोटाखाली अंडी घेऊन लाकडावर आली, पाय हलवत थांबली. "हे काय करून राहिली?" त्याने विचारलं. मी सांगितलं. जाताना म्हणाला, "भाऊ, एंजल तुले देऊ का?"

मी नाही म्हटलं. माझ्याकडे जागा नाही. त्याला त्याच्याच टँकमधला पेटारा काढून झाडं लावायला सांगितलंय. बघू.