पगार विचारणे हा उद्धटपणा नाही

‘शिक्षिका पाहिजेत. पात्रता : बी.एड. वेतन : नियमानुसार.’ अशा जाहिराती आपण नेहमी वाचतो. उमेदवाराची पदवी, अनुभव, वय, लग्न झाले की नाही, हे सगळे विचारले जाते. पगाराचा आकडा तेवढा गुलदस्त्यात राहतो. एखाद्या मुलीने मुलाखतीत तो विचारलाच, तर उत्तर मिळते, ‘आधी काम तर शिका, पगाराचं नंतर बघू.’ ती ओशाळून गप्प बसते. घरूनही तिला हेच सांगितलेले असते : मिळतेय ते पदरात पाडून घे, पैशाचे बोलू नकोस.

या संकोचाची किंमत उमेदवारच मोजतो. आई किंवा वडील पगारदार असतील, तर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे शब्द जेवताखाताच कानावर पडतात. रिक्षाचालकाच्या, विणकराच्या, शेतमजुराच्या घरातून पहिल्यांदाच नोकरीला निघालेल्या मुलामुलींना हे सांगणारे कोणी नसते. न विचारण्याची सवय त्यांनाच सर्वांत जास्त आणि त्यांचेच नुकसान सर्वांत मोठे.

एक साधा हिशेब पाहा. ‘वर्षाला ३ लाखांचे पॅकेज’ म्हणजे महिना २५ हजार, असे घरचे धरून चालतात. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे १२,५०० रुपये धरले, तर भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० रुपये. हे दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,५०० पुन्हा वेगळे कापले जातात. हातात येतात २१ हजारांच्या आसपास. यात फसवणूक असतेच असे नाही. पण घरभाडे आणि हप्ते २५ हजारांवर ठरवणाऱ्याची फजिती ठरलेली.

म्हणून होकार देण्याआधी काही गोष्टी नम्रपणे, पण स्पष्ट विचाराव्यात. हातात किती येणार आणि किती तारखेला? निधीचे पैसे भरले जातात का? सुट्ट्या किती? बाळंतपणाची रजा? ती देणे ही मेहेरबानी नव्हे. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार का? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे सगळे नेमणूकपत्रात लिहून मिळेल का? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले आहे.

सगळा भार उमेदवारावर टाकणेही बरोबर नाही. पगाराची बोलणी सुरू होण्याआधीच मालकाने पगाराचा आकडा किंवा पल्ला कळवावा, आधीच्या नोकरीतला पगार विचारू नये, असा निर्देश युरोपीय संघाने २०२३ साली काढला. त्यामागचे कारण आपल्यालाही लागू आहे. पहिल्या नोकरीत कमी पगारावर राबलेल्या बाईला पुढची प्रत्येक नोकरी त्याच आकड्यावर थोडी भर घालून मिळते. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे. पण शेजारच्या टेबलावरचा पगारच माहीत नसेल, तर समानता मोजायची कशाशी?

आता थोडे स्वतःकडे पाहू. समाजासाठी म्हणून चालवलेल्या शाळा, ट्रस्ट, संस्था आणि चळवळी यांत हा आकडा सर्वांत जास्त झाकलेला असतो. ‘हे सेवेचे काम आहे’ असे म्हटले की प्रश्न विचारणारा लगेच स्वार्थी ठरतो. खात्यावर पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोखीने परत घेतला जातो, अशा तक्रारी विनाअनुदानित शाळांतले शिक्षक खासगीत करतात. हक्कांची भाषा व्यासपीठावर बोलायची आणि कार्यालयात हिशेब झाकायचा, हे दुटप्पीपण आपण सोडले पाहिजे. पैसे कमी असतील तर तसे सांगावे. कमी पगारावरही माणसे मनापासून काम करतात, पण ते त्यांनी जाणून निवडलेले असावे.

सुरुवात फार अवघड नाही. पुढच्या जाहिरातीतून ‘नियमानुसार’ हा शब्द काढा आणि तिथे आकडा लिहा. आणि घरातली मुलगी मुलाखतीला निघाली की एवढेच सांगा : ‘बेटा, पगार विचारून ये.’