‘अगं, बोल ना!’ म्हटल्याने कुणी बोलतं का?

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास पोट दुखणारं एखादं मूल तुमच्याही घरात किंवा नात्यात असेल. वर्गात उत्तर येत असतं, पण हात वर होत नाही. कॅन्टीनमध्ये एकटीने जावं लागेल म्हणून ती दिवसभर उपाशी राहते. ग्रुप प्रोजेक्टची सगळी पीपीटी हीच बनवते आणि बोलायला मात्र मैत्रिणीला उभं करते. घरचे म्हणतात, ‘लाजाळू आहे, मोठी झाली की सुधारेल.’

लाजाळू मूल थोड्या वेळाने रुळतं. सोशल अँग्झायटी त्यापेक्षा वेगळी. सगळे आपल्याकडे बघताहेत, आपण चुकणार, आपलं हसं होणार ही भीती इतकी मोठी असते की मूल तो प्रसंगच टाळायला लागतं. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि गोम इथेच आहे. त्या सुटकेची सवय लागते, भीती मात्र जिथल्या तिथे राहते. बऱ्याचदा याची सुरुवात किशोरवयातच होते.

यावर उपचार आहेत. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, चांगली उपयोगी पडते. पण तिच्यात भीती वाटते त्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जावं लागतं. आता बघा, जिला अनोळखी माणसाशी बोलायचीच धास्ती, तिला आपण सांगतो की अनोळखी समुपदेशकासमोर जाऊन मनातलं सगळं बोल. ती तयार होणार कशी?

या ‘तयार होण्या’साठी समुपदेशक एक पद्धत वापरतात, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. नाव ऐकून स्टेजवरचं जोशपूर्ण भाषण डोळ्यांसमोर येतं, पण तसं यात काहीच नाही. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एका लेखात ती मांडली, तीही दारूच्या आहारी गेलेल्या लोकांसाठी. पुढे १९९१ मध्ये त्यांनी आणि स्टीफन रोलनिक यांनी मिळून तिच्यावर पुस्तक लिहिलं. दारू पिणारा माणूस आणि वर्गात गप्प बसणारी मुलगी यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध इतकाच की दोघांचंही मन दोन बाजूंना ओढलं जात असतं. बदलायचंय आणि नकोही आहे. अशा माणसाला समोरच्याने एका बाजूला ढकललं की तो आपोआप दुसरी बाजू लढवतो.

आपल्याकडचा नेहमीचा संवाद घ्या.

‘पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे ना? देणार आहेस ना या वेळी?’

‘बघू.’

‘बघू काय? ताईने नाही का दिलं? यात घाबरण्यासारखं काय आहे?’

‘तुला नाही कळणार, आई.’

‘अगं, उद्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला काय करशील?’

आणि खोलीचं दार बंद. आईचं एकही वाक्य वाईट हेतूने आलेलं नाही. पण बदलाची बाजू सगळी आईनेच घेतली, मग मुलीच्या वाट्याला ‘मला जमणार नाही’ एवढंच उरलं. आपण जे पुन्हा पुन्हा मोठ्याने बोलतो, ते आपल्यालाच जास्त पटत जातं. चूक दिसली की लगेच दुरुस्त करायला धावायची ही सवय आपल्या घरांमध्ये जरा जास्तच आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी घरांत तर पाहुणे आले की ‘काकांना मराठीत बोलून दाखव’ ही आणखी एक तोंडी परीक्षा असते, आणि वर मुलांच्या हेलावर सगळे हसतात. प्रेमानेच हसतात, पण मुलाला ते प्रेम ऐकू येत नाही.

आता तोच विषय, दुसऱ्या तऱ्हेने.

‘प्रेझेंटेशनबद्दल काय वाटतंय तुला?’

‘नकोच वाटतंय. सगळे बघत बसतात.’

‘सगळ्यांच्या नजरा एकदम अंगावर येतात.’

‘हो ना. माझा आवाज थरथरतो, मग मुलं हसतात.’

इथे ‘छे गं, कोण हसतंय’ म्हणायचा मोह होतो. आई तो आवरते.

‘म्हणजे उभं राहायची भीती वाटते. आणि तरी स्लाइड्स मात्र तू रात्री बारापर्यंत जागून केल्यास.’

‘कारण विषय मला आवडतो. आणि माझंच काम दुसरी कुणी वाचून दाखवते आणि मॅडम तिचं कौतुक करतात, तेही नाही आवडत मला.’

हे शेवटचं वाक्य या पद्धतीत फार मोलाचं मानलं जातं. बदलाचं कारण तिच्या स्वतःच्या तोंडून आलंय. आईने प्रश्न एकच विचारला. बाकी वेळ ती लेकीचंच म्हणणं आपल्या शब्दांत तिला परत ऐकवत होती.

समुपदेशक आणखी एक साधी पट्टी वापरतात, ० ते १० आकड्यांची. ‘सगळ्यांसमोर बोलता येणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?’ समजा ती म्हणाली, ‘चार.’ आपला पहिला प्रश्न असतो, ‘चारच? दहा का नाही?’ त्यावर सबबींची यादी मिळते. ‘चार का? एक का नाही?’ असं विचारलं की तिला महत्त्वाची कारणं शोधावी लागतात. मग दुसरा आकडा, ‘जमेल असं किती वाटतं?’ ‘दोन.’ ‘दोनाचे तीन व्हायला काय लागेल?’ तेव्हा ती म्हणू शकते, ‘आधी फक्त मॅडमना एकट्यांना दाखवलं तर?’ इतकी बारीक आणि नेमकी पायरी बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही.

कौतुकही ‘शाब्बास, हुशार आहेस’ असं मोघम नको. ‘पोटात गोळा आला होता, तरी तास संपेपर्यंत वर्गात थांबलीस’ हे तिला खरं वाटेल, कारण ते घडलेलं आहे.

मात्र हे वाचून कुणी घरीच थेरपिस्ट व्हायला जाऊ नका. अशा बोलण्याने मूल मदत घ्यायला तयार होतं, पण पुढचं काम तज्ज्ञांचंच. आणि ही पद्धत म्हणजे आपल्याला हवं ते गोड बोलून काढून घ्यायची युक्ती नव्हे. मुलं ते दोन मिनिटांत ओळखतात. ती ‘आत्ता नको’ म्हणाली तर ते खरंच ऐकावं लागतं. पण मूल शाळा-कॉलेजला जायचंच बंद झालं, किंवा जगणं नको झाल्यासारखं बोलू लागलं, तर तयारीची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतूनही बोलता येतं. फोनवर बोलणंच ज्याला अवघड जातं, त्याच्यासाठी आई-बाबांनी आधी फोन केला तरी चालतो.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना तिला विचारून ठेवा, ‘तिथे सुरुवात मी करू की तू?’ काही मुलं म्हणतात, मी कागदावर लिहून नेते. कागदही चालतो.