आधी पाय, मागाहून मस्तक

या सप्ताहात एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मानवी उत्क्रांतीचे एक चित्र छापून आले असून, त्यात वानराचे मस्तक जसजसे मोठे होते तसतसा तो ताठ उभा राहू लागतो. बुद्धी आधी आणि चाल मागाहून हा क्रम जीवाश्मांच्या साक्षीने केव्हाच बाद ठरलेला असताना तो पुन्हा पुन्हा छापला जावा, याचा मला मनापासून संताप येतो.

पिल्टडाउन आणि टाउंग ही नावे या स्तंभाच्या वाचकांना अपरिचित नाहीत. परंतु ही दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी मांडल्याखेरीज त्यांतील खरा बोध हाती लागत नाही. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील पिल्टडाउनच्या खडीच्या खाणीतून चार्ल्स डॉसन याने आणलेले कवटीचे तुकडे माणसाचे आणि जबडा वानराचा असूनही, १९१२ साली आर्थर स्मिथ वुडवर्ड यांच्यासारख्या मान्यवर पंडिताने ते एकाच प्राण्याचे म्हणून ग्राह्य धरले. कारण आपला पूर्वज प्रथम मेंदूने थोर झाला असला पाहिजे, अशी त्या काळच्या अनेक विद्वानांची आधीपासूनच खात्री होती. याउलट १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून आलेल्या दगडातून रेमंड डार्ट यांनी विणकामाच्या सुयांनी कोरून कोरून जो चिमुकला चेहरा मोकळा केला, त्यात दुधाचे दात शाबूत होते, त्यांच्यामागे पहिल्या कायमच्या दाढा नुकत्याच फुटत होत्या आणि मेंदू वानराएवढाच होता. मात्र मज्जारज्जू ज्यातून उतरतो ते छिद्र कवटीच्या मागच्या अंगाला नसून तळाशी, पुढे सरकलेले होते, म्हणजेच ते मस्तक ताठ कण्यावर तोललेले होते. फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये डार्ट यांनी हा दाखला मांडताच आर्थर कीथप्रभृती पंडितांनी ते वानराचे पोर ठरवून त्यांची फिर्याद जवळजवळ फेटाळून लावली.

निकाल लागण्यास १९५३ साल उजाडावे लागले. केनेथ ओकली, जोसेफ वायनर आणि ल ग्रो क्लार्क यांच्या तपासणीत पिल्टडाउनच्या दाढा कानशीने घासलेल्या आणि हाडे रंगवलेली आढळली. जबडा ओरांगउटानचा होता. तोवर रॉबर्ट ब्रूम यांना स्टर्कफोंटेन येथे मिळालेल्या प्रौढ अवशेषांनी डार्ट यांचा पक्ष बळकट केला होता. पुढे १९७४ साली आफ्रिकेतील हडार येथे दोन पायांवर चालणाऱ्या ‘लूसी’चा ३२ लक्ष वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला, आणि टांझानियातील लेटोली येथे त्याहूनही जुन्या, सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेत दोन पायांवर चालणाऱ्यांच्या पाऊलखुणा उघड झाल्या. मेंदू ठळकपणे वाढू लागला तो त्यानंतर कित्येक लक्ष वर्षांनी.

मस्तकाला अग्रपूजेचा मान देण्याचा हा हट्ट केवळ इंग्रज पंडितांचा होता असे मी मानत नाही. लेखणीवर जगणारा आमचा सुशिक्षित वर्ग शेतात, भट्टीवर आणि रस्त्यावर राबणाऱ्या हातापायांना पिढ्यान्‌पिढ्या कनिष्ठ लेखत आला, हे मी या जागी अनेकदा लिहिले आहे. बुद्धी आधी या क्रमावर आमचा जो विश्वास सहज बसतो, त्याचे मूळही याच अहंकारात असावे, असे माझे मत आहे. पायांनी उभे राहिल्यावर हात मोकळे झाले. शहाणपण फार उशिरा आले. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, उत्क्रांतीचा पाठ शिकवताना मुलांना आधी लेटोलीच्या पाऊलखुणा दाखवाव्यात आणि कवट्या त्यानंतर.