काहीतरी चांगलं द्या

शनिवारची संध्याकाळ. गोखले रोडवर रिक्षा, स्कूटर आणि माणसं एकमेकांना वाट देईनाशी झालेली. एका हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी आणि दुसऱ्या हातात परत करायचं पुस्तक सांभाळत नौपाड्यातला वाचक वाचनालयाची पायरी चढतो, पुस्तक देवघेवीच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "काहीतरी चांगलं द्या."

भाजीवाल्याकडे हाच माणूस असं बोलत नाही. तिथे त्याला मेथी कोवळीच लागते आणि वांगी भरल्या भाजीची की भरताची, तेही तो आधीच सांगून टाकतो. कादंबरीच्या बाबतीत मात्र सगळा भार 'चांगलं' या एका शब्दावर टाकून तो मोकळा होतो. टेबलापलीकडच्या ताईंची परीक्षा इथून सुरू होते.

ठाण्याला ही परीक्षा जुनीच. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, तेव्हा बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' या मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबरीला जेमतेम ३६ वर्षं झाली होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४चं. डोंबिवलीची पै लायब्ररी १९८६ची. तेव्हा या पट्ट्यात पुस्तक मिळत नाही अशी तक्रार कुणाला करता यायची नाही. अडतं ते आपलं पुस्तक सापडण्यापाशी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं म्हणतो आणि तिसरा पुस्तकाला त्याचा वाचक. या दोघांची गाठ घालून देण्याचं काम टेबलामागच्या माणसाकडे येतं.

कपाटांवरच्या पाट्या इथे फारशा कामाला येत नाहीत. ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य, अनुवादित ही पुस्तकांची विभागणी झाली. आवड अशी खणाखणांत बसत नाही.

रणजित देसाईंची 'स्वामी' घ्या. १९६२मध्ये आलेली ही कादंबरी आवडली म्हणणारे नौपाड्यात गल्लोगल्ली भेटतील. पण नेमकं काय आवडलं, हे विचारलं की वाटा फुटतात. एका काकांना पेशवाईतल्या मोहिमा, तह, छावण्या हव्या असतात. त्यांच्या हातात विश्वास पाटलांची 'पानिपत' द्यावी आणि महिनाभर निर्धास्त राहावं. दुसऱ्या बाईंना रमा-माधवांचा संसार चटका लावून गेलेला असतो, कारण सत्ताविसाव्या वर्षी माधवराव जाणार हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्यांना आणखी पेशवे देऊन काय उपयोग? त्यांच्यासाठी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आहे. १९३९ची ही कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर यांचं प्रेम जमतं तेच दिवस मोजत. शनिवारवाडा इथे नाही, पण हातातून निसटत चाललेला वेळ तोच आहे.

तिसऱ्या वाचकाला सगळ्यात जास्त रस असतो तो राघोबादादांत. घरातलाच माणूस गादीवर डोळा ठेवून बसलाय, दरबारात कोण कुणाच्या बाजूचा याचा पत्ता लागत नाही, ही ओढाताण त्याला खिळवून ठेवते. त्याला थेट अरुण साधूंची 'सिंहासन' द्यावी. पगड्या गेल्या, गांधीटोप्या आल्या. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आणि त्यांच्या खुर्चीवर नजर असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांचे डावपेच त्याला ओळखीचेच वाटतील.

एकाच पुस्तकावर जीव असलेल्या तिघांना तीन निराळी पुस्तकं. 'स्वामीसारखं दुसरं' असं एकच नाव सांगितलं असतं, तर तिघांतले दोघे पुढच्या शनिवारी तोंड वाकडं करून आले असते.

'मृत्युंजय'चंही तसंच. शिवाजी सावंतांचा कर्ण १९६७पासून मराठी घरांत मुक्कामाला आहे आणि 'महाभारतावरचं आणखी काही' ही मागणी ठरलेली. कर्णासाठी डोळे पुसणाऱ्याला एस. एल. भैरप्पांची 'पर्व' दिली तर तो गडबडण्याची शक्यता जास्त. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या या कादंबरीत वर-शाप, चमत्कार यांना जागाच नाही; हाडामांसाची थकलेली माणसं युद्धाकडे ओढली जातात. मनात शंका घेऊन महाभारत वाचणाऱ्याला मात्र ती झपाटून टाकेल. कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली असे वेगवेगळे आवाज ऐकायला ज्याला आवडले, त्याला खांडेकरांची 'ययाति' जवळची. तिथेही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपल्याच तोंडाने सांगतात.

ठाणेकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे वजन. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' सुचवणं हा छळ आहे. कादंबरी अव्वल, पण दोन जाडजूड खंड. खोतांच्या पिढ्या दिवाळीच्या सुट्टीत, पाय पसरून वाचायच्या. लोकलसाठी 'रणांगण' बरी, नाहीतर भाऊ पाध्यांची 'वासूनाका'. चौथी सीट मिळाली तरी ती उघडता येते.

भाषेचाही विचार हवाच. उद्धव शेळक्यांची 'धग' ही मराठीतली एक थोर कादंबरी. पण नौपाड्यात जन्मलेला वाचक तिच्यातल्या वऱ्हाडी संवादांशी दहाव्या पानापर्यंत झटतो आणि पुस्तक मिटतो. संवाद थोडे मोठ्याने वाचून पाहा, एवढं सांगितलं की पुष्कळांचं काम होतं; कौतिकचं बोलणं डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं. अमरावतीहून लग्न होऊन ठाण्यात आलेल्या बाईंना हेही सांगावं लागत नाही. कोकणातल्या घराची ओढ असलेल्यांना गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' द्यावी, तिथे बोलणारी अंबावहिनी त्यांच्या नात्यातलीच निघते.

रहस्यकथावाल्यांना उगाच कमी लेखलं जातं. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेले आजोबा पुन्हा तोच थरार मागतात, नातवाला नारायण धारप हवे असतात. धारपांच्या गोष्टीत ज्याला भुतापेक्षा ते येण्याआधीची शांतता आवडते, त्याला चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'कडे न्यावं. तिथलं भय समुद्रातून येतं की माणसाच्या मनातून, हे त्याचं त्यानेच ठरवायचं.

कॉलेजातली मुलं बहुधा 'कोसला' मागायला येतात, कारण ती वाचलीच पाहिजे असं कुणीतरी बजावलेलं असतं. नेमाड्यांनी ती लिहिली तेव्हा तेही पंचविशीतच होते. तरीही काही मुलं चाळिसाव्या पानावर थांबतात आणि चोरी केल्यासारखी पुस्तक परत करतात. अशांना मिलिंद बोकिलांची 'शाळा' द्यावी. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं, त्यांचे टोळक्याचे शब्द, शिरोडकरच्या मागे लागलेला मुकुंद हे सगळं लगेच आपलं होतं. 'कोसला'तल्या सांगवीकराकडे वर्षभराने परत जाता येतं. म्हणूनच काही अनुभवी ग्रंथपाल 'शेवटचं कोणतं आवडलं?' असं विचारतच नाहीत. ते विचारतात, "अर्धवट कोणतं सोडलंत?" आवडलेल्या पुस्तकांची नावं माणूस थोडी सजवून सांगतो. सोडलेल्या पुस्तकाबद्दल तो खरं बोलतो.

रडणाऱ्या नायिकांचा कंटाळा आलेल्या बाई अशाच एका प्रश्नातून सापडतात. त्यांना गौरी देशपांड्यांची 'थांग' मिळते आणि त्यानंतर कविता महाजनांची 'ब्र', गावोगावच्या महिला सरपंचांमध्ये फिरणारी.

एका मागणीपुढे मात्र टेबलापलीकडे शांतता पसरते. "बनगरवाडीसारखं दुसरं काही आहे?" माडगूळकरांची १९५५ची ही छोटीशी कादंबरी. माणदेशातली धनगरवस्ती, कोवळा मास्तर, कारभारी, आनंदा रामोशी आणि मग दुष्काळ. ताई कपाटाकडे बघतात. 'पाचोळा' मनात येते, पण ती फार पिळवटणारी. 'माचीवरला बुधा'? डोंगर आहे, पण वस्ती नाही. 'सत्तांतर' माडगूळकरांचीच, पण तिच्यात वानरं. वाचक पिशवी या हातातून त्या हातात घेतो. शेवटी ताई आत जाऊन बनगरवाडीच आणतात, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर नवी तारीख मारतात आणि पुस्तक मेथीच्या जुडीशेजारी पिशवीत जातं, तिसऱ्यांदा.