किनाऱ्याचीही मोजणी हवी

आज नारळी पौर्णिमा. डहाणूपासून रेडीपर्यंत गावोगाव दर्याला नारळ वाहिला जाईल. मासेमारीची बंदी कागदोपत्री 31 जुलैला संपत असली, तरी अनेक घरांत होडी पाण्यात लोटली जाते ती या पूजेनंतरच. ज्या पुळणीवर उभे राहून ही पूजा होते, ती दरवर्षी किती उरते याचा हिशेब मात्र गावाच्या दप्तरात सापडत नाही.

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आहे. उधाणाच्या लाटा माडाच्या बुंध्याखालची वाळू ओढून नेतात. मुळ्या उघड्या पडलेला माड काही दिवस तिरका तग धरतो आणि एखाद्या आषाढात कोसळतो. समुद्र पूर्वी तिथे होता, आता इथे आला, असे म्हातारी माणसे हात करून दाखवतात. त्यांचे म्हणणे खरे असते. पण पंचनाम्यात आणि अंदाजपत्रकात ‘तिथे’ आणि ‘इथे’ यांमधले अंतर मीटरमध्येच लिहावे लागते.

देशपातळीवर आकडे आहेत. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 या काळाच्या अभ्यासानुसार मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होत आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास आहे. आपले बरे चालले आहे, असे यावरून वाटू नये. सरासरीत देवबाग बुडून जाते. शिवाय लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटरचा चौकोन. तेवढ्यात एखाद्याचे घर, अंगण आणि विहीर सामावते.

विमानातून किंवा ड्रोनमधून केलेली मोजणी इथे कामी येते. लायडार यंत्र लेझरचे असंख्य झोत खाली सोडते आणि ते परतायला लागलेल्या वेळेवरून जमिनीची उंची काढते. सुरूच्या बनातूनही काही झोत वाळूपर्यंत पोहोचतात. एकाच पुळणीची अशी दोन चित्रे एकमेकांतून वजा केली की किती घनमीटर वाळू गेली आणि ती कुठे साचली, ते कळते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 2012 मध्ये सँडी वादळाच्या आधी आणि नंतर अशीच उड्डाणे करून किनाऱ्याचे नुकसान मोजले होते.

आपल्याकडे एकच उड्डाण पुरणार नाही. पावसाळी लाटा वाळू आत समुद्रात नेतात आणि पाऊस ओसरल्यावर त्यातली बरीचशी परत येते. त्यामुळे मेमधले चित्र ऑक्टोबरच्या चित्राशी ताडून कायमच्या धुपीचा निष्कर्ष काढला तर तो चुकणारच. मेची तुलना पुढच्या मेशी व्हावी, तीही भरती-ओहोटीची वेळ सांभाळून. असे सातत्य राहिले तरच धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची परीक्षा होईल. दगडी बंधारा त्याच्या मागची जमीन राखतो, पण लाटेच्या माऱ्याने पुढची वाळू खरवडली जाते आणि बंधारा जिथे संपतो तिथून शेजारच्या वाडीची धूप वाढू शकते. एका गावाला वाचवताना आपण दुसऱ्याचे नुकसान करतो आहोत का, हे पुन्हापुन्हा मोजल्याशिवाय कळणार नाही. तरी बंधारे मंजूर होत राहतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाने हवाई छायाचित्रांच्या आधारे देशाच्या किनाऱ्याची धोकारेषा आखली. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने मात्र ती आपत्ती नियोजनापुरती ठेवली. बांधकामावरच्या निर्बंधांशी तिचा संबंध राहिला नाही. आमच्या मते ही चूक झाली. जी रेषा पाणी कुठवर येईल ते सांगते, तिच्याकडे पाठ करून घरे आणि हॉटेले उभी राहू नयेत.

ड्रोन आपल्या गावांना नवे नाहीत. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत त्यांनी गावठाणे मोजली आणि घरमालकांना मिळकत पत्रिका मिळाल्या. घराची मोजणी होते, तर घरासमोरच्या पुळणीची का नको? किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तसा ठराव करावा: वर्षातून दोनदा मोजणी व्हावी, आणि तिचे नकाशे मराठीत, कुणालाही पाहता येतील असे, पंचायतीच्या कार्यालयात लावावेत.